आपल्या आडनावाचा अर्थ

आई, आपल्या आडनावाचा अर्थ मला सापडला. तू गेलीस तेव्हा माझी मुलगी जन्मलीही नव्हती, आता ती हॉलंडला शिकते, आणि मी अजून आखातातल्या त्याच बेटावर आहे जिथे तू आम्हाला वाढवलंस. राहतो जनाबियाला, नोकरी अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात. ईसा टाउनमधलं आपलं वरच्या मजल्याचं घर अजून उभं आहे, तिथे आता केरळची माणसं राहतात. खालच्या घरात मात्र अजून तेच अरब घरमालक राहतात.

हे आडनाव तुझं माहेरचं नव्हतं. लग्न करून तू कोलासो झालीस आणि नर्स होऊन इथे आलीस तेव्हा हॉस्पिटलमधल्या बायकांनी तुझं ‘सिस्टर कुलासू’ करून टाकलं. तुला त्याचं काही नव्हतं. आडनावाचा अभिमान होता तो पप्पांना. लिस्बनहून जहाज घेऊन एक कप्तान वसईला आला, तिथेच राहिला, आणि आपण त्याचे वंशज, ही गोष्ट त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकली होती आणि नाताळात पाहुणे आले की ते ती सांगायचे. मीही ती शाळेत सांगितली. आमच्या वर्गाची सहल इथल्या किल्ल्यावर गेली होती, ज्याला सगळे पोर्तुगीज किल्ला म्हणतात, आणि तटावर उभं राहून मी मित्रांना म्हणालो की हा आमच्या लोकांनी बांधलाय. घरी येऊन ते तुला मोठ्या ऐटीत सांगितलं. तू ओट्याशी साफी मासे साफ करत होतीस. हात तसेच ठेवून तू वळलीस. “आपले लोक कुठले? वसईच्या किल्ल्याचे दगड ज्यांनी डोक्यावरून वाहिले ते आपले लोक. वर उभे राहून बघणारे नव्हेत.” मी म्हणालो, “पण पप्पा सांगतात ना.” तू म्हणालीस, “पप्पांना गोष्टी सांगायला आवडतात. तुझे आजोबा केळीच्या वाडीला पाणी लावायचे, ते मी डोळ्यांनी बघितलंय.” आणि परत माशांकडे वळलीस. तू रागावली नव्हतीस. तुला खोटं सहन होत नसे, एवढंच. वॉर्डातही नसे आणि घरातही नसे.

तरी ती गोष्ट माझ्या मनात कुठेतरी राहिली असणार. कारण अलीकडे आमच्या कारखान्यात पोर्तुगालहून एक इंजिनिअर आला आणि पहिल्याच मीटिंगमध्ये माझ्या छातीवरचा बिल्ला वाचून म्हणाला, “हे तर आमच्याकडचं नाव आहे,” तेव्हा पन्नाशी ओलांडलेला मी शाळेतल्या मुलासारखा खुलून गेलो. त्याच्या गावाकडे या नावाची घरं होती. मी मुलीला फोन केला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. “पप्पा, लेट्स फाइंड युवर कॅप्टन,” ती म्हणाली आणि आम्ही दोघं कामाला लागलो. सुट्टीच्या दिवशी ती तिकडून, मी इकडून. पोर्तुगालच्या उत्तरेला आपल्या नावाची माणसं निघाली. सीमेपलीकडे स्पेनमध्ये तेच नाव थोडं वेगळं लिहिलेलं, ‘कोयासो’ असं काहीसं उच्चारलं जाणारं. मग इटलीच्या टाचेशी ‘कोलात्सो’ सापडले आणि मी पार हुरळून गेलो, म्हटलं आपण इटलीपर्यंत पोचलो. चारआठ दिवसांनी मुलीचा फोन आला की ते लोक वेगळे, ते नाव निकोलसवरून आलंय, आपला त्यांचा संबंध नाही. मग तिनं कुठल्याशा कंपनीला लाळेचा नमुना पाठवून वंशाची तपासणी करून घेतली. त्यात पोर्तुगाल नाही, स्पेन नाही, युरोपचा टिपूससुद्धा नाही. सगळं आपल्या कोकण किनाऱ्याकडचं. “पप्पा, वी आर बोअरिंग,” ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. मी म्हणालो की तिच्या आईकडचं रक्त दिसत असेल, या तपासण्यांचं काही खरं नसतं.

तरीही सुट्टी काढून मी पोर्तुगालला गेलो. इंजिनिअरनं त्याच्या गावच्या म्हाताऱ्या फादरांना सांगून ठेवलं होतं. मुलगी हॉलंडहून थेट तिथे आली. डोंगरउतारावरचं लहान गाव, दगडी चर्च, शेजारी फादरांची कोबी लावलेली बाग. ते आम्हाला बागेतल्याच बाकावर घेऊन बसले. इंग्रजी सावकाश पण चांगलं बोलायचे. मी कप्तानाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि मग हळू आवाजात म्हणाले, “असं क्वचित झालं असेल. बहुतेकदा तुमच्याकडे बाप्तिस्मा झाला की धर्मपित्याचं नाव मिळायचं. सबंध गावाला एखाद्या शिपायाचं किंवा पाद्र्याचं नाव मिळायचं. नाव दिलेलं असतं, रक्त नव्हे.” म्हणजे तू माशांनी बरबटलेल्या हातांनी जे सांगितलंस तेच. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असेल, कारण त्यांनी विचारलं, “नावाचा अर्थ माहीत आहे?” मला माहीत नव्हता. त्या इंजिनिअरलाही नव्हता, तो शब्द आता कुणी वापरत नाही. फादर म्हणाले, “एका बाईच्या अंगावर दोन मुलं पितात. एक तिचं स्वतःचं, एक दुसऱ्या घरचं. ती दोघं एकमेकांची कोलासो. पलीकडे स्पेनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ पुढे जमिनीला बांधलेला नोकर असाही झाला. पण मुळात तो दुधाचा शब्द आहे.”

आई, मराठीत आपल्याकडे दूधभाऊ म्हणतात. मला तो शब्द लगेच आठवला आणि मी बाकावरून उठून उभा राहिलो. मुलगी विचारत होती, “पप्पा, आर यू ओके?” मी तिला म्हणालो की थांब, तुला एक सांगायचंय. आई, तुझी ती दुधाची गोष्ट मी तिला कधी सांगितलीच नव्हती. कप्तानाची सांगितली होती.

तो हिवाळा मला चांगला आठवतो. माझी धाकटी बहीण अंगावर पिते आहे, तू रजेवर घरी आहेस. खालच्या घरात घरमालकांच्या सुनेला मुलगा झाला आहे, पण बाळंतपणातच तिच्या अंगात विष पसरलंय आणि तिला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. मूल घरी आणलंय. डब्याचं दूध त्याच्या पोटात टिकत नाही. दिवसभर त्याचं रडणं जिन्यातून वर येतं आणि मग ते रडणं बारीक होत जातं. तू पोळ्या लाटताना थांबतेस, ऐकतेस, परत लाटतेस. दुपारी खालच्या आजी स्वतः जिना चढून येतात. एरवी त्या कधी वर आलेल्या नाहीत. त्यांचे यजमान मोत्यांच्या व्यापारात मुंबईला ये-जा करायचे, त्यामुळे त्यांना मोडकं हिंदी येतं. अंगावरच्या काळ्या अबायात गुंडाळलेलं मूल त्यांच्या हातात आहे. त्या दारातच उभ्या राहतात आणि म्हणतात, “सिस्टर, तेरे पास दूध है. गली में और किसी के पास नहीं.”

पप्पा घरी होते. ते तुला मराठीत म्हणाले, “जरा विचार कर. उद्या मुलाला काही झालं तर आपल्यावर येईल. व्हिसा त्यांच्या हातात, घर त्यांच्या हातात.” पप्पांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, परक्या देशात माणूस असाच विचार करतो. तू म्हणालीस, “काही नाही केलं तर संध्याकाळपर्यंत होईलच.” आणि मूल घेतलंस. पण आजींनी तुझा हात धरला. त्यांना आधी एक सांगायचं होतं. त्यांच्या धर्मात हे नातं खरं असतं. हा तुझ्या दुधावर वाढला तर तू याची आई, तुझी मुलं याची भावंडं, कायमची. पुढे तुझ्या मुलीचं आणि याचं लग्नसुद्धा होऊ शकणार नाही. तू धाकटीकडे बघितलंस आणि म्हणालीस, “तिला अजून मान धरता येत नाही, आजी. लग्नाचं नंतर बघू.” आजी हसल्या आणि हसतानाच रडायला लागल्या. तू भिंतीकडे तोंड करून बसलीस. बाळाचं रडणं थांबलं.

त्याची आई बरी होऊन घरी आली, पण तिला दूध आलं नाही. मग तू ड्युटीवर रुजू झाल्यावरही ते चालूच राहिलं, जाताना एकदा आणि आल्यावर युनिफॉर्म न बदलता एकदा, थेट खालच्या घरी. मी दप्तर घेऊन जिन्यात तुझी वाट बघायचो. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिसेनंतर चर्चच्या अंगणात आपल्याच गावाकडची एक बाई तुला म्हणाली, “ऐकलं ते खरं का? त्यांच्या पोराला अंगावर घेतेस?” भोवतीच्या बायका वळून बघायला लागल्या. तू माझा हात धरलेला होतास, तो घट्ट झाल्याचं मला कळलं. पण तुझा आवाज अगदी साधा होता. “हो. त्याला भूक लागते.” एवढंच बोललीस. कुणाला पटवून द्यायला गेली नाहीस, नंतर घरी त्या बाईबद्दल वाईटही बोलली नाहीस. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली, त्यांची उत्तरं लांबलचक असायची.

तो मुलगा मोठा झाला आणि आमचं ऐकून तुला ‘आई’च म्हणायचा, त्याच्या आईला ‘उम्मी’. तू गेलीस तेव्हा तो वसईला आला होता हे तुला सांगायला हवं. चर्चमध्ये शेवटच्या बाकाशी उभा राहिला आणि दफनभूमीत सगळ्यांबरोबर त्यानंही माती टाकली.

या वर्षी त्याची उम्मी खूप आजारी झाली. शेवटी शेवटी ती एकच विचारायची, “मुलगी कुठे आहे?” तिच्या पोटची मुलगी नव्हतीच, म्हणून घरच्यांना वाटलं की भ्रम झालाय. त्याला मात्र कळलं आणि त्यानं मला फोन केला. धाकटी पुण्याहून मिळेल त्या विमानानं आली. विमानतळावर त्यानं सगळ्यांसमोर तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, जसं सख्खा भाऊ घेतो. घरी नेलं. उम्मीनं धाकटीचा हात हातात घेतला, बराच वेळ बघत राहिली आणि अरबीत काही म्हणाली. त्यानं मला सांगितलं, मी धाकटीला सांगितलं: “माझ्या मुलानं तुझ्या वाटणीचं घेतलं. माफ कर.” एवढी वर्षं ती हे मनात घेऊन बसली होती, आई. धाकटी खाटेवर तिच्या शेजारी बसली आणि मराठीतच म्हणाली, “मला कधी कमी पडलं नाही. सांग त्यांना.” मी ते त्याला सांगितलं, त्यानं उम्मीला. उम्मीनं डोळे मिटले आणि “खलास” म्हणाली. इथे लोक तो शब्द रोज वापरतात, झालं, संपलं, अशा अर्थानं. इतक्या समाधानानं म्हटलेला मी तो कधी ऐकला नव्हता.

थोड्याच दिवसांत ती गेली. पुरुषांच्या सांत्वनाच्या बैठकीला मी ऑफिसच्या लोकांबरोबर मागे बसायला निघालो होतो. त्यानं उठून माझा हात धरला आणि घरच्यांच्या रांगेत स्वतःच्या शेजारी बसवलं. एक वृद्ध गृहस्थ रांगेतून आले, त्याला भेटले, मग माझ्यापाशी थबकले. हा कोण, असं त्यांनी नजरेनंच विचारलं. तो म्हणाला, “माझा भाऊ. दुधाचा.” त्या गृहस्थांनी मला जवळ घेतलं आणि त्याला जे शब्द म्हटले होते तेच शब्द मला म्हटले. मग त्यांच्या मागचे सगळे तसेच म्हणत गेले. मला अरबी जेमतेम येतं, पण मी प्रत्येकाला उत्तर दिलं.

परत जाताना गाडीत मी त्याला आडनावाचं सांगितलं. पोर्तुगाल, स्पेन, म्हातारे फादर, सगळं. तो शांतपणे गाडी चालवत होता. म्हणाला, “मला हे लहानपणापासून माहीत आहे. तुलाच आत्ता कळलं.”

मला वाटत होतं की आडनाव बापाकडून येतं आणि मी बापाच्या बाजूनं शोधत राहिलो. तू या नावात बाहेरून आलीस, त्याचा अर्थ तुला ठाऊक नव्हता, आणि तरी त्या नावाप्रमाणे वागलेली आपल्या घरातली मला माहीत असलेली तू एकटीच. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस की पुरे आता, जेवायला बस.

वसईला गेलो की हे पत्र तुझ्यापाशी ठेवून यावं असं मनात होतं, पण ते इथेच राहील असं दिसतंय. एक सांगून टाकतो. वर तुझं बोलणं लिहिलंय ते तुझंच आहे, त्यातला शब्द मी बदललेला नाही. पण तुझा आवाज मला आता आठवत नाही. लिहिताना सगळं धाकटीच्या आवाजात ऐकू आलं.