हेळव्यानं गाळलेलं नाव

५ फेब्रुवारी १९६८, सोमवार

हेळवी आला! पाच वर्षांनी. बैलाची घंटा ऐकली तशी पिठाचे हात घेऊनच दारात गेले. तोच बसाप्पा. बैलावरनं न उतरताच ओरडला, "वारक्यांचं घर सुखात हाय न्हवं?" म्हातारा झालाय, पण जीभ तशीच. मूळपुरुषापासून घराण्याची नावं घडाघडा म्हणायची, नवी जन्मलेली पोरं त्यात जोडायची, सुगीचं धान्य घ्यायचं आणि पुढचं गाव गाठायचं. बापजाद्यांपासून हेच करत आलेत हे लोक.

आला तो वेळेवर आला. रविवारी गारगोटीचे पाहुणे हौसाची सुपारी फोडायला येणार आहेत. नवऱ्यामुलाचे वडील केरबा मोठे कडक. आजच निरोप आला, "हेळवी तुमच्या गावाकडं निघालाय म्हणं. मग कूळ आमच्यादेखत म्हणू द्या की!" म्हणा म्हणा. आमचं काही झाकायचं नाही.

बसाप्पाला चहा दिला. म्हटलं, या खेपेला माझ्या हौसाचंही नाव घे. हसला. "लेकीचं नाव घ्यायची चाल न्हाय, अक्का." का रे बाबा? लेक काय झाडाला लागली होती?

७ फेब्रुवारी

आज डोळ्यांनी बघितलं. धुणं घेऊन ओढ्याला गेलते, तिथंच बसाप्पाचं पाल आहे. आणि आमचे कृष्णात भावजी त्या पालापुढं — खांद्यावर भाताचं पोतं! सारं गाव सूपभर देतं आणि हे पोतं देतात? मला बघितलं आणि पोतं खाली टाकून बैलाच्या शिंगांचं कौतुक करायला लागले. शिंगं म्हणे!

पाणी कुठंतरी मुरतंय.

८ फेब्रुवारी

विचारलं. "कुठलं पोतं, वैनी?"

९ फेब्रुवारी

झोप नाही. सगळं डोक्यात फिरतंय.

ह्यांना जाऊन दहा वर्षं होत आली. निपाणीच्या बाजारात बैल बघायला म्हणून गेले ते गेलेच. हौसा तेव्हा सात वर्षांची. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला ह्यांच्यासाठी देवापुढं दिवा लावते. कुठं का असेनात, जिवंत असूदेत. कुंकू पुसा म्हणून सांगणाऱ्या बाया काय कमी आल्या? एकीलाही दारात उभी केली नाही.

शेत भावजी कसतात. खरं सांगायचं तर धान्य कधी कमी दिलं नाही. पण आता कळतंय का दिलं ते! हेळव्याच्या तोंडातनं ह्यांचं नाव गेलं की मी कोण आणि हौसा कोण? सगळी जमीन एकट्याची. त्यासाठी एक पोतं भात म्हणजे स्वस्तातच पडलं की. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही. मी बघतेय म्हणावं!

१० फेब्रुवारी

हौसाला बोलून दाखवलं. "आई, काका तसं न्हाईत," म्हणाली. मी ओरडले, तुला काय कळतंय, गप बस. रडत झोपली. सुपारीच्या आदल्या दिवशी पोरीला रडवलं मी! हेही भावजींच्याच खात्यावर.

११ फेब्रुवारी, रविवार

मोडलं बहुतेक.

पाहुणे आले, पाणी-गूळ झालं, आत पोळ्या चालल्या होत्या. अंगणात बसाप्पानं बैलावर बसून सुरू केलं. मूळपुरुष संताजी, संताजीचा बयाजी, बयाजीचा राणोजी... मी चुलीपुढनं एकेक नाव मोजत होते. आमच्या सासऱ्यांपर्यंत आला. "सुबरावांचा ल्योक कृष्णात—" आणि थांबला! पाणी मागितलं! तांब्या तोंडाला लावून बसला.

मी पदर खोचून तशीच बाहेर. "थोरला कुठं गेला? हंबीरराव कुठायत?" ह्यांचं नाव पहिल्यांदाच तोंडातनं निघालं. बसाप्पा भावजींकडं बघतो, भावजी जमिनीकडं. "वैनी, आत जावा." "न्हाय जात!"

केरबा उठले. मोठ्यानं बोलायची सवय त्यांना, सगळ्या आळीला ऐकू गेलं. "बापाचं नावच कुळात न्हाय, तर पोर कुणाची म्हणायची आमी? उलगडा झाला की कळवा." गाडी जुंपून गेले. सुपारी ताटात तशीच.

भावजींना म्हटलं, "झालं मनासारखं?" टोपी घालून रानात गेले. हौसानं नवी साडी सोडली आणि भांडी घासायला बसली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

उजाडतानाच ओढ्यावर गेले. बसाप्पा पाल आवरत होता. मी बैलाचा कासरा धरला. म्हटलं, भावजींनी भात देऊन नाव गिळायला लावलं का नाही, खरं सांग. न्हाईतर बैल सोडत न्हाय.

"नाव गिळलं तर जीभ झडंल माझी," म्हणाला. "भात दिला ते खरं. पर त्यो नाव गाळायला न्हवं. नाव कुठं हाय ते सांगू नगंस म्हणून दिला."

कुठं हाय म्हणजे?

"अक्का, चूल जिथं, नाव तिथं. हंबीररावांची चूल हितं न्हाय. चिकोडीकडं हाय. मागल्या साली तिथं त्येंचं कूळ म्हणून आलो. बायको हाय, दोन ल्योक हायत."

मी खाली मातीतच बसले. कासरा कधी सुटला कळलं नाही. बैल तिथंच उभा होता बिचारा.

मग म्हातारा हळूच म्हणाला, "लेकीचं नाव आमी घेत न्हाय. पर तिथं घेतो. हंबीररावांनी कालवड दिली मला. म्हणाले, पोरांच्या आधी थोरलीचं घे. हौसा."

कालवड! लेकीच्या नावापायी हेळव्याला कालवड दिली, आणि लेकीला दहा वर्षांत एक परकर धाडला नाही! मेले असते तर रडले असते मी. आता काय करू?

संध्याकाळी भावजींना गाठलं. कवापासनं ठाऊक? "चार सालं झाली. निपाणीत गाठ पडली. पाय धरलं त्येचं, आला न्हाय. हेळव्याचं जाणं-येणं तिकडं हाय म्हणून भ्यालो, सुपारी फुटूस्तवर तरी गप ऱ्हा म्हणलं त्येला."

मग मला का नाही सांगितलंत?

"तुमी रोज दिवा लावत हुता, वैनी. कसं सांगू?"

मी त्यांना काय काय म्हणाले! त्यांच्या तोंडाकडं बघवेना मला. पोरीला कळलं होतं ते मला कळलं नाही.

१३ फेब्रुवारी

भावजींना सकाळीच गारगोटीला धाडलं. केरबांना निरोप — हौसाचा बाप जिवंत आहे, चूल इथं नाही. कन्यादान चुलता करील. पटलं तर सुपारी फोडा, नाही तर राम राम.

तिन्हीसांज होऊन गेली. दिवा लावला नाही.