बाकावर कोरलेला ‘नवरोबा’

खडूने लिहिलं असतं, तर माझ्या नातीने पुसलं तरी असतं! पोरींनी कर्कटकाने तिच्या बाकावर ‘नवरोबा’ कोरलंय.

मुख्याध्यापिका बाई, नमस्कार.

आपल्याला मुली आवडतात, हे तिने एका मैत्रिणीला विश्वासाने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारी कुणी बसेना. आणि तुम्ही काय केलंत? तिलाच एकटीला मागे बसवलंत!

ऐकून मी हबकले. पण खरी थप्पड तो शब्द ऐकून बसली, कारण शब्द माझा. ती ऐटीत चालते म्हणून मी लाडाने तिला ‘नवरोबा’ म्हणायचे. पालकसभेत वर्गबाईंनी विचारलं, “घरी काय म्हणता हिला?” मीच दात काढत सांगितलं. बाईंनी गंमत म्हणून हजेरीत तेच नाव घेतलं आणि पोरींच्या हाती कोलीत मिळालं.

नातीची मी माफी मागितली. ती म्हणते, “आजी, पत्र पाठवू नकोस गं, अजून छळतील.” ती हो म्हणेपर्यंत हे माझ्या शिवणाच्या डब्यात राहील. तोवर माझी जीभ कशी आवरू, ते मलाच ठाऊक.

चौथी नापास, तिची आजी

उत्तर मला नको. वर्गबाईंनी सगळ्या पोरींदेखत उभं राहून माझ्या नातीला द्यायचं.