पाटकरीण

अरेकिपा, ४ सप्टेंबर

चि. बेनितास, फोर्तुनातोदादाचे अ. उ. आ.

गावाने तुला पाटकरीण केले! वायल्यापातात आजवर कुठल्या बाईच्या हाती पाणीवाटपाची काठी आली होती? उंच धर हो, नाहीतर तुझ्यापेक्षा काठीच लांब दिसायची. शहरातून आलेल्या त्या संस्थेच्या बाया 'बायकांना मान द्या' म्हणून घसा कोरडा करून गेल्या, ते कामी आले म्हणायचे. मी इकडे शहरात कामाला, म्हणून गावच्या सभेत माझ्या नावाने तुझी दोमितिलावहिनी बसते. तिला मी बजावले होते, हात बेनितासाठीच वर कर. माझ्या बटाट्याची पाळी तेवढी सांभाळ. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा दादा

वायल्यापाता, २ ऑक्टोबर

ती. दादास, बेनिताचा शि. सा. न. वि. वि.

डोंगरावरचे बर्फ गेले, झरा करंगळीएवढा उरला. पाणी मुबलक होते तेव्हा बाईने उगमाशी पाऊल टाकले तरी झरा रुसायचा. आता आटल्यावर यांना समानता आठवली! हात वर करताना सगळे हसत होते, ते मला दिसले. तरी काठी घेतली. विधवांना आजवर पाळीच नव्हती. म्हातारी इसिदोरा घागरीने रोपे जगवायची. मी त्यांना पाळी दिली. त्यासाठी मोठ्या शेतांची अर्धी केली, तुझीही. रागावू नकोस. लोभ असावा, अर्धा असला तरी चालेल.

बेनिता

अरेकिपा, २० ऑक्टोबर

चि. बेनितास, आशीर्वाद.

नसता शहाणपणा करायला तुला कोणी सांगितले होते? झरा यंदा आटणार हे आम्हा पुरुषांना ठाऊक होते. खापर कोणाच्या तरी डोक्यावर फुटणारच. तुझ्या फुटले तर काय बिघडते? तुला ना नवरा, ना मूल. गप्प काठी धरायची, एवढेच काम होते. सभा बोलवा म्हणून मी निरोप धाडला आहे. तुझ्या भल्याचेच बघतो.

दादा

वायल्यापाता, १४ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न.

सभा झाली. बाई उगमाशी गेली म्हणून डोंगरदेव कोपला, असे ठरले. काठी माझ्याच गुडघ्यावर मला मोडायला लावली. विधवांच्या पाळ्या गेल्या. माझ्या शेताचीही गेली, ती तुला दिली. वहिनीचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. रडत होती, पण तुझ्या नावाचा हात खाली ठेवायची तिला मुभा कुठे?

मला वाटले, काठी मोडूनही पाऊस लांबला की यांचे डोळे उघडतील. दुसऱ्याच दिवशी तो आला, दादा, धो धो. सगळे अंगणात नाचले, इसिदोराही. माझा हात धरून म्हणाली, पोरी, काठी आधीच मोडायला हवी होतीस.

तुझे बटाटे छान उगवले आहेत. लोभ तुझा तुलाच लखलाभ.

बेनिता