सूर्याच्या बेटावरून ‘येते’

सालमिया, कुवेत
५ जानेवारी २०२५

प्रिय नूरबानू हिस, सप्रेम नमस्कार, वि. वि.

आखातात तीस-तीस वर्षं दुसऱ्यांची मुलं शिकवून शेवटी एक पुष्पगुच्छ हातात देऊन घरी पाठवलेल्या तमाम बायांनो! सभेला तू एकटीच बसली आहेस हे मला दिसतंय, पण भाषण अंगात आलं की मला श्रोते मोजता येत नाहीत. आपली तक्रार एकच आहे. ज्यांना आपण नकाशा वाचायला शिकवलं ती मुलं आज जगभर बँका आणि रुग्णालयं चालवतात, आणि आपण कुठल्या, हे मात्र आपल्याला नकाशावर बोट ठेवून सांगता येत नाही.

बातमी अशी की शाळेने या वर्षी माझ्या नोकरीची मुदत वाढवली नाही. फेब्रुवारीअखेर इकामा संपतो, म्हणजे इथे राहण्याचा परवानाच. आपल्या इमारतीचा राखणदार, हारिस मुझफ्फर, रोज जिन्यात गाठून अदबीने विचारतो की मॅडम, फ्लॅट कधी रिकामा होणार, मालकाला रंग द्यायचा आहे. आलोक पुण्याहून फोन करतो की आई, तुझी खोली तयार आहे, खिडकीतून टेकडी दिसते. मी त्याला म्हटलं, मला समुद्र बघायची सवय आहे. त्याने लगेच विषय बदलला. माझाच मुलगा, पण वादात टिकत नाही.

आता तू लेकीकडे बोलिव्हियाला चालली आहेस, आणि तिथून आपल्या बेटावर. आपल्या दोघींच्या. निवृत्त झालो की जायचं, असं या समोरासमोरच्या दारांत उभ्या राहून किती वेळा ठरवलं आपण! मी रक्तदाबाचं कारण सांगितलं ते तुला पटलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. खरं कारण ऐक. कुवेतमधला उरलेला एकही दिवस मला कुवेतबाहेर घालवायचा नाही.

तर माझ्या वाटचं तू बघून ये. फळ्यावर मी दर वर्षी तितिकाका सरोवर काढायचे, त्यात खडूने एक ठिपका द्यायचे आणि सांगायचे की इंका लोकांच्या मते सूर्य या बेटावर जन्मला. जूनच्या भाजणाऱ्या उन्हात एका पोराने हात वर करून विचारलं होतं की मिस, मग त्याला परत तिकडे पाठवता येईल का. ते पोरगं बरोबर होतं.

एक प्रश्न देते, उत्तर आण. इंकांनी त्या बेटावरचे मूळचे लोक हलवले आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं आणून तिथे सेवेला बसवली, असं मी वाचलंय. आणलेल्यांचं पुढे काय झालं? त्यांनाही कुणी विचारलं का, की मॅडम, कधी रिकामं करणार?

झहूरभाईंना नमस्कार, इक्राला आशीर्वाद. आणि हो, दोन वर्षांपूर्वी तू इथून निघताना ‘जाते’ म्हणाली होतीस, ते मी विसरलेले नाही. तरीही लोभ आहे, तुझाही असू दे.

तुझी,
सुमेधा

७८६
कोपाकाबाना, तितिकाका सरोवराकाठी
१७ जानेवारी

प्रिय सुमेधा, सलाम आणि नमस्कार.

तुझं पत्र फोनवर मिळालं. अक्षर अजून फळ्यावरचंच आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून इक्राच्या अब्बांनी काढलेला हा तोडगा चांगला निघाला. कागदावर लिहायचं आणि त्याचा फोटो धाडायचा. कागदावर तुला मध्ये तोडता येत नाही.

ते स्वतः आले नाहीत. गुडघे आणि आंब्याची कलमं, दोन्ही कारणं खरी आहेत. इक्राने ला पाझच्या नोकरीतून दोन दिवसांची रजा काढली आणि आम्ही मायलेकी होडीने बेटावर गेलो. ज्याला तू सूर्याचं जन्मघर म्हणायचीस, तिथे दिवसभर सूर्याने तोंड दाखवलं नाही. पाऊस. आमच्या हर्णैचा पाऊस अंगाला कोमट लागतो, हा बर्फाच्या शेजारून आलेला. अंगावर निळं प्लास्टिक, हातात काठी, तोंडात कसल्याशा पानांचा चहा प्यायल्याची कडू चव. ती पानं घेतली नाहीत तर या उंचीवर डोकं फुटतं म्हणे. इक्रा मागून इंग्रजीत सांगत होती की अम्मी, घाई करू नकोस. मी मराठीत सांगत होते की घाई करायला श्वास कुठे शिल्लक आहे?

वाट डोंगराच्या कुशीतून जाते. खाली सरोवर, पण त्याला सरोवर म्हणायला जीभ वळत नाही. पलीकडचा काठ पावसात दिसेना, तेव्हा मला वाटलं सालमियातला आपला समुद्राकाठचा गल्फ रोडच आहे आणि तू मागून येते आहेस, कुणावर तरी चिडलेली.

शेवटी ते पडके अवशेष आले. चिंकाना म्हणतात, म्हणजे भूलभुलैया. दगडी भिंती, ठेंगणी दारं, एका खोलीतून दुसरीत. छप्पर एकीलाही नाही. वाकून आत जावं तर आतही तितकाच पाऊस. एके ठिकाणी दारासमोर दार होतं. मी एकात उभी राहिले. समोरचं रिकामं होतं, सुमेधा. समोरचं दार तुझ्यासाठी मोकळं ठेवून मी माझ्या दारात नीट उभी होते, हे मला नंतर इक्राने काढलेल्या फोटोत दिसलं, आणि मग मला तुझा रागच आला.

तुझा प्रश्न मी विचारला. मुक्काम एका बाईच्या घरी होता, ती चुलीपाशी बटाटे सोलत होती. इक्राने स्पॅनिशमध्ये विचारलं की तुमचे वाडवडील इथले की आणलेले. ती खूप हसली. म्हणाली, आजी शेजारच्या घरातली होती, त्याआधीचं कुणास ठाऊक, पण बटाटे आम्हीच लावतो. मग तिने सरोवरातला तळलेला मासा वाढला. कोकणातल्या बाईला आणखी काय हवं? पण माझ्या मनात आलं, कुवेतमध्ये आपण काय लावलं? तुझ्या बाल्कनीतला तो कढीपत्ता, बस.

आता ‘जाते’बद्दल. दोन वर्षं ऐकते आहे. रोज सकाळी जी आधी निघेल ती ‘येते गं’ म्हणायची आणि दुसरी दाराआडून ‘ये’ म्हणायची. त्या दिवशी इकामा रद्द झाल्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता. ‘येते’ म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं. पण काल त्या भूलभुलैयातून निघताना मी मागे वळले आणि तोंडातून सहज गेलं, येते हं. या वयात मी तिथे पुन्हा काय जाणार! इक्राने विचारलं की कुणाशी बोलतेस. मग चालता चालता लक्षात आलं की आपण त्या शब्दाला उगाच वचन समजत होतो. तो मागे राहणाऱ्याचा मान असतो.

काळजी घे. तारीख ठरली की कळव. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
नूर

सालमिया
२६ जानेवारी

प्रिय नूर, सप्रेम नमस्कार.

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हेव्याने, दुसऱ्यांदा चुका काढायला. चूक सापडली नाही, याचा निषेध.

इथेही काल पाऊस झाला. गल्लीत पाणी साचलं, मोटारी होड्यांसारख्या चालल्या. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, बकाल्यात, खुबूसच्या रोट्या आणायला निघाले, दार ओढलं आणि सवयीने शब्द ओठावर आला. तुझ्या दाराला आता पांढरा रंग दिलाय. आत कुणी नाही. मी शब्द गिळून खाली उतरले. दोन वर्षं रोज गिळते आहे.

मागे राहणाऱ्याचा मान, असं तू लिहिलंस. सुंदर आहे, भाषणात वापरीन. पण बाई, मागे कोण राहणार आहे? तू गेलीस तेव्हा मी होते. तू ‘जाते’ म्हणालीस तरी ते झेलायला जिन्यात एक माणूस उभं होतं. मी निघेन तेव्हा? आपल्या मराठी मंडळातल्या श्वेताची बँकेने बदली केली, ती दुबईला. मंगफला राहणारे पटवर्धन कॅनडाला. मंडळात नवी पोरं आहेत, गोड आहेत, मला अध्यक्षपद देतात आणि माझ्या जिन्यात कधी येत नाहीत. बेटावरच्या त्या बाईला ‘इथली’ व्हायला बटाटे पुरले. मला मुझफ्फरच्या हातात किल्ली द्यायची आहे, आणि त्याला मराठी येत नाही.

मुख्याध्यापकांकडे पुन्हा गेले होते. मी दहा मिनिटं बोलले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुदत वाढली नाही. तिकीट मी काढलेलं नाही. काढवत नाही. झालं इतकंच.

लोभाची कमतरता नाही, माणसांची आहे.

तुझी,
सुमेधा

७८६
हर्णै
६ फेब्रुवारी

प्रिय सुमेधा, सलाम आणि नमस्कार.

परवा घरी पोचले. बंदरावर मासे घ्यायला गेले तर दोन बायकांनी आपसात म्हटलं, कुवेतवाली परत आली. जन्म या गावातला, तरी मी कुवेतवाली, आणि कुवेतमध्ये कागदावर भारतवाली. मी पापलेट घेतलं आणि मान ताठ ठेवून आले. एकदा भाव न करता घेतलं म्हणून इक्राच्या अब्बांनी चेष्टा केली की आता खरी कुवेतवाली झालीस.

रात्री अजून उठते आणि दिव्याचं बटण सालमियातल्या भिंतीवर शोधते. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तू भाषण केलं असतंस.

आता माझं ऐक आणि मध्ये बोलू नकोस. इकामा संपल्यावर एक दिवसही जास्त राहू नकोस. ज्या देशाला तू तुझी सगळी उमेदीची वर्षं दिलीस, त्याने तुला विमानतळावर दंडाच्या खिडकीपुढे चोरासारखं उभं केलेलं मला चालणार नाही. तू तुझ्या पायांनी, साडी नेसून, मान वर करून निघायचं आहेस. तिकीट काढ.

मागे कोण राहणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तूच शोध. इतकी वर्षं उत्तरं तूच देत आलीस.

लोभ आहेच, हट्टही आहे.

तुझी,
नूर

सालमिया
२१ फेब्रुवारी

प्रिय नूर, सप्रेम नमस्कार, वि. वि.

तिकीट काढलं. सत्तावीस तारखेची सकाळ. आलोक मुंबईला घ्यायला येतो आहे. म्हणाला, टेकडीबद्दल मी आता काही बोलणार नाही, आई, तू ये फक्त. पोरगा वादात टिकायला लागला.

फळ्यावरचा नकाशा मी शेवटच्या तासाला काढला. तितिकाका, त्यात ठिपका. मुलांना सांगितलं की माझी मैत्रीण तिथे जाऊन आली आणि तिथे पाऊस होता. कुणाचा विश्वास बसेना. मग तू पाठवलेला तुझा फोटो दाखवला, भूलभुलैयातला, निळ्या प्लास्टिकमधला. एका मुलीने विचारलं की मिस, समोरच्या दारात कोण उभं आहे. मी बघितलं. कुणी नव्हतं, नूर, पावसाची झड होती. पण मी तिला सांगितलं की ती मी आहे. वर्गात खोटं बोलण्याची ही माझी पहिली वेळ, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

कढीपत्ता मुझफ्फरला दिला. त्याने तो इमारतीच्या दारापाशी, सावलीच्या बाजूला, जमिनीत लावला. जगेल असं तो म्हणतो. बटाटे नाहीत, पण काहीतरी लावलं आपण.

मागे कोण राहणार, याचं उत्तर मला सापडलं आहे. या जिन्यातली दुसरी बाई तूच. दाराला रंग दिला म्हणून ती बदलत नाही. तेव्हा हे शेवटचं भाषण, आणि त्यात मागणी एकच. सत्तावीसला आमचे सकाळचे सात, तुमचे साडेनऊ. बाजार, मासे, आंबे, झहूरभाईंचे गुडघे, सगळं बाजूला ठेव आणि फोनपाशी बस. मी कुलूप घालून, बॅग जिन्यात ठेवून, तुझ्या दाराकडे तोंड करून फोन लावीन. मी एकच शब्द बोलेन, त्यापुढे बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. माझी खुशाली विचारू नकोस, समजूत घालू नकोस, रडू तर अजिबात नकोस. दाराआडून म्हणायचीस तसं म्हण.

‘ये’ म्हण.

लोभ आहेच. आवाज असावा.

तुझी,
सुमेधा