वहिनी गेममध्ये आल्या तेव्हा

गुरुवार, रहाटणी

झालो एकदाचा ऑनलाइन गेमचा मॉडरेटर, नियम मोडणाऱ्याला बाहेर काढणारा. अर्ज केला होता रागानं. माझ्यासोबत गेम खेळणारा शेजारचा विकास चाकणला कंपनीतल्या अपघातात गेला. त्याची बायको, आमच्या वहिनी, त्याच्या अकाउंटवरून गेममध्ये आल्या, म्हणाल्या, "विकास गेला हो. ऐकतंय का कुणी?" मॉडरेटरनं तिथंच बाहेर काढलं त्यांना. गेममधलं सोंग सोडून बाहेरचं बोलायचं नाही, हा नियम!

आज मुलाखतीत नेमकं तेच विचारलं. "कुणी घरचं रडगाणं लावलं तर?"

"बाहेर काढीन." जराही अडखळलो नाही. का?

"डोकं थंड आहे भावा तुझं. आजपासूनच बस."

आत्ता विकासच्या नावापुढं हिरवा ठिपका लागलाय. वहिनीच असणार. पुन्हा विचारतील, "ऐकतंय का कुणी?"

बाहेर काढायचं बटण आता माझ्याकडं आहे.