आक्काच्या सीडीवरचं कुंकू

भोर, दसरा, २००४. संध्याकाळ.

नखातलं कुंकू अजून निघत नाही. सकाळी शस्त्रपूजेत बातमीदाराची शस्त्रं मांडली: पेन, कॅमेरा आणि आक्काची सीडी. थोरल्या बहिणीचा आवाज एवढ्या एकाच ठिकाणी उरलाय. गेल्या भाऊबीजेला भाच्यानं केलेलं चित्रण. श्रावणात ती गेली, तेव्हापासून लावायचा धीर झाला नव्हता. वरच्या बाजूला तिचं नाव, म्हणून चकचकीत बाजूवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. धन्य आमचं शास्त्र!

दुपारी धीर केला, तर सीडी संगणकावर लागेना. तसाच सलीमभाईंच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

"शास्त्रीबुवा, हीच बाजू मशीन वाचतं. त्याच्या डोळ्यातच कुंकू भरलंत व्हय?"

मऊ ओल्या कापडानं त्यांनी ती मधून कडेकडे पुसली. चित्र आलं! आक्का बोट नाचवून मला रागावतेय. पण आवाज नाही.

"आवाजाचं सॉफ्टवेअर हितं न्हाई. उद्या पुण्यावनं आणतो. आवाज असंल आत, बहुतेक."

बहुतेक! बातमीत हा शब्द मी रोज खुशाल वापरतो.

खरी भीती मात्र वेगळीच. तिचे ओठ हलत होते, त्या दिवशी मी समोरच बसलो होतो, तरी ती काय म्हणत होती ते आठवेना. नख घासत बसलोय.