नेहमीचे सामान

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोचले. उत्तरास विलंब झाला, त्याबद्दल क्षमा असावी. प्रकृती ठीक आहे, रक्तदाब आटोक्यात आहे. ही गेल्यास आता वर्ष होत आले. तरी घरात मी अजून पाहुण्यासारखाच वावरतो. साखरेसाठी तीन डबे उघडावे लागतात.

तू विचारले आहेस, की खोली झाडूनपुसून ठेवली असताना मी तुझ्याकडे राहावयास का येत नाही. कारण सांगितले तर हसशील. कारण खालचे दुकान आहे.

आमचा जिना तुला आठवत असेल. तो थेट दुकानाच्या गल्ल्यापाशी उतरतो. सफाईसाठी केलेला मागचा लोखंडी जिना सोडला, तर बाहेर पडण्यास दुसरी वाट नाही. ही गेल्यानंतर पहिल्यांदा सामान आणावयास उतरलो, तेव्हा दुकानदारांनी काय देऊ म्हणून विचारले. साऱ्या नोकरीभर मी लोकांच्या दुकानांतील वजनेमापे तपासली. परंतु आपल्या घरात कशाचे काय लागते, हे मला ठाऊक नव्हते. चारचौघांत तसे कबूल करणे जिवावर आले. मी ताठ मानेने सांगितले, की नेहमीचे द्या.

त्यांनी नेहमीचे दिले. तेव्हापासून दर महिन्याच्या आरंभी नेहमीचेच येते. त्यात हिचा गुलाबी साबण असतो, हिची तोंडाला लावावयाची पावडर असते, केसांच्या पिना असतात आणि हिला आवडे तो फिका चहा असतो. मला तो चहा घशाखाली उतरत नाही. माझा कडक चहा ही कोठून आणत असे, कोण जाणे. दुकानात तो मला कधी दिसला नाही.

पहिल्या महिन्यात वाटले, नजरचूक असेल. दुसऱ्या महिन्यात सांगावयाचेच असे ठरवून उतरलो. दुकानदार साबणाची वडी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते, ती इतक्या जपून, की मी पैसे देऊन तसाच वर आलो. आता तर फारच उशीर झाला आहे. इतके महिने गप्प का बसलात, असे त्यांनी विचारल्यास मी काय सांगू?

चौकात ते मोठे दुकान निघाल्यापासून यांचे गिऱ्हाईक पांगले आहे. मुलगा आपल्याकडे बोलावतो, पण हे जात नाहीत. संध्याकाळी मी जिन्यावर दिसलो, की खांद्यावरच्या फडक्याने, ही बसत असे ते स्टूल पुसतात. मग बसावे लागते. वहिनी तांदूळ तळहातावर घेऊन कशा पाहत, भावावरून खोटे खोटे कशा भांडत, ते ऐकावे लागते. उठू लागलो, तर घरी एवढी कसली घाई आहे, असे विचारतात. घाई खरोखरच नसते.

तुझ्याकडे यावयाचे, तर या माणसाचा निरोप घ्यावा लागेल. ज्याला साबण बंद करा एवढेही सांगता येत नाही, तो निरोप कसा घेणार?

तुझी माया आजवर पुरली, तशीच पुढेही पुरावी.

तुझा,
बाळ


दि. १२ फेब्रुवारी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

हसले. आधी हसले, मग थोडी रडले, मग पुन्हा हसले. अरे, ज्याची जीप दिसली की अख्खा बाजार तराजू पुसायला लागायचा, त्या माणसाला एका साबणाच्या वडीनं कोंडून घातलंय! तुझ्या त्या जेलरला माझा नमस्कार सांग.

आता मोठ्या बहिणीचं ऐक. चौकातल्या मोठ्या दुकानात जा. मी इथल्या तसल्या दुकानात जाते आणि मला अजिबात लाज वाटत नाही. ढकलगाडीला धरून चाललं की गुडघ्यांना आधार मिळतो, काठी घरी ठेवता येते. वस्तू हातात घेऊन कितीही वेळ बघा, कोणी डोळे वटारत नाही. आणि डोळ्याचं ऑपरेशन कधी, सून परत आली का, असल्या चौकशा नाहीत. तिथे मी कोणाचीच कोणी नसते. तेवढा वेळ फार बरं वाटतं बघ.

एक मात्र खरं. माझी जुनी भाजीवाली आता तिथेच टोपी घालून कामाला लागली आहे. परवा टोमॅटो तोलून झाले आणि सवयीनं एक वर टाकायला तिचा हात गेला, तो अर्ध्यावरूनच मागे आला. तिथे वजनाची चिठ्ठी मशीन देतं ना. मला कसंसंच झालं. तिनं टोपी सारखी केली, मी गाडी पुढे ढकलली.

पण तू नको त्याचा विचार करू. मागचा जिना आहे ना? मग त्यानं जा, तुझा कडक चहा आण आणि कळव. साबण साठले असतील तर इकडे पाठव, मी लावीन. या वयात वास तरी चांगला येईल.

रुसलास तरी चालेल, पण लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
ताई


दि. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

साबण पाठविणे मला प्रशस्त वाटत नाही. ते हिचे आहेत. कपाटाच्या खालच्या फळीवर रचून ठेवले आहेत.

काल तुझ्या सल्ल्याप्रमाणे मागच्या जिन्याने गेलो. वापरात नसलेली कडी गंजली असेल, म्हणून हातोडी घेतली होती. कडी बोटाने सरकली. दाराआड खिळ्याला हिची एक कापडी पिशवी घडी करून अडकवलेली होती. तीच बरोबर नेली.

दुकान तू लिहिलेस तसेच आहे. गार आणि लखलखीत. कोणीही माझ्याकडे पाहिले नाही. पैसे घेणाऱ्या मुलीने पुढच्या गिऱ्हाइकांना सभासद आहात का असे विचारले, तेही यंत्राकडे पाहतच. खरे सांगतो ताई, वर्षभरात प्रथमच मी कोणाच्या लेखी विधुर नव्हतो. आणि चहाच्या फळीवर माझा चहा होता. तोच लाल पुडा. ही त्याच्या तोंडाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवत असे.

तो घेऊन रांगेत उभा राहिलो. पुढे एक गृहस्थ पाठमोरे उभे होते. खांद्यावर फडके नव्हते, त्यामुळे ओळख पटली नाही. ते वळले, तर आमचे दुकानदार. हातातील टोपलीत हिचा गुलाबी साबण, हिची पावडर आणि पिनांचे पाकीट, याखेरीज काहीही नव्हते. कंपनीचा माणूस लहान दुकानांकडे आता माल घेऊन फिरकत नाही, ही तक्रार त्यांनी स्टुलाशेजारी उभे राहून अनेकदा केली होती. तिचा अर्थ मला त्या रांगेत कळला.

ते म्हणाले, की भाव पाहावयास आलो होतो. मी म्हणालो, की गार हवा बरी वाटते. त्यांनी माझ्या लाल पुड्याकडे पाहिले, मी त्यांच्या टोपलीकडे, आणि मग दोघांनीही छतावरच्या दिव्यांकडे. परतताना मी मागच्या गल्लीने गेलो, ते पुढच्या रस्त्याने.

आज सकाळी ते स्वतः सामान घेऊन वर आले. साबण जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, जणू त्यांच्याच फळीवरून काढला असावा. कालचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. आता सांग, अशा माणसास नको कसे म्हणावे? पूर्वी मागची कडी तरी सैल होती, आता तीही वाट मला बंद झाली.

रागावण्याचा तुझा अधिकार मान्य आहे. तो प्रेमानेच वापरावा.

तुझा,
बाळ


दि. ९ मार्च

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

दोन शहाणी माणसं रांगेत उभी राहून छताकडे बघतात! मी असते तर दोघांचे कान धरले असते.

आणि गाढवा, ती मागची कडी बोटानं कशी सरकली? तिला तेल कोण घालत होतं? पिशवी खिळ्याला कोणासाठी टांगली होती? माझी भावजय पुढून स्टुलावर राणीसारखी बसायची आणि मागून हळूच जाऊन तुझा चहा आणायची. तुलाही दुखवलं नाही, दुकानदारालाही नाही. तिला जमलं, कारण ती दोन्हीकडून मोकळी होती. तुम्ही दोघं मात्र एकमेकांचे पाय धरून बसलाय.

उद्याच खाली जा. स्टुलावर बसायचं नाही, उभ्याउभ्या सांगायचं. हिचं सामान बंद करा, मी बहिणीकडे राहायला जातोय. बस. तोही सुटेल रे, त्याचा मुलगा बोलावतो आहे असं तूच लिहिलंस ना. मी इकडे सुतार बोलावून तुझ्या खिडकीला जाळी बसवून घेतली आहे. लहानपणापासून डास तुलाच शोधत येतात.

येतोस त्या दिवशी मिठीत घेईन, तोवर कागदावरच.

तुझी,
ताई


दि. १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तू सांगितलेस तसा गेलो. जिना उतरताना वाक्ये मनाशी म्हणत होतो. दुकानदारांनी स्टूल पुसले, तरी मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले, की साबण, पावडर व पिना पुढील महिन्यापासून नकोत. तुझ्याकडे येण्याचे वाक्य यापुढचे होते.

फडक्याची घडी घालून त्यांनी ती गल्ल्यावर ठेवली. मग म्हणाले, की साहेबांनी सांगितले ते बरे झाले. मुलगा कधीचा बोलावतो आहे. पण वहिनींचे सामान चालू असताना शटर कसे ओढावयाचे, म्हणून थांबलो होतो. आता हरकत नाही. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज इतका मोकळा मी ऐकला नव्हता. बोलता बोलता त्यांनी स्टूल उचलले आणि आत नेऊ लागले.

ताई, तुझा शब्द न् शब्द खरा ठरत होता. राहिलेले एक वाक्य बोललो असतो, तर दोघेही सुटलो असतो. परंतु स्टूल उचलल्यावर खाली एक पुठ्ठ्याची घडी राहिली. स्टूल डुगडुगू नये, म्हणून हिने केव्हातरी पायाखाली घातलेली. कडा झिजून गोल झाल्या आहेत. तिच्याकडे पाहत मी काय बोलून गेलो, ते लिहिताना लाज वाटते. मी म्हणालो, की आपला गैरसमज झाला. घरात थोडा साठा आहे, एवढेच मला म्हणावयाचे होते. पुढील महिन्यापासून नेहमीचे द्यावे.

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते, तर सोसले असते. मग त्यांनी स्टूल परत आणले, पाय नेमका पुठ्ठ्यावर टेकवला, घडी घातलेले फडके उलगडून पुन्हा पुसले. मी बसलो. त्या संध्याकाळी वहिनींविषयी ते काहीच बोलले नाहीत. मलाच बोलावे लागले.

खोलीत दुसरे कोणी राहावयास येत असल्यास संकोच करू नये. जाळी वाया जाणार नाही. मागच्या कडीवर मी खिळा ठोकून घेतला आहे. पुन्हा त्या रांगेत त्यांना गाठण्याचे धैर्य मला नाही. लाल पुडा संपत आला आहे. फिक्या चहाची सवय करीत आहे.

सोबत साबणाचे पार्सल पाठवीत आहे. तू लावीन म्हणाली होतीस. हात आखडू नकोस, भराभर संपव. फळी रिकामी झाली पाहिजे. पहिल्या तारखेस नवे येतील.

दूर राहूनही जवळ धरलेस, तशीच धरून राहा.

तुझा,
बाळ